बाबांना बीपीची गोळी चहातून गुपचूप द्यावी का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): एका ताईंचे वडील ५८ वर्षांचे, आयुष्यभर शेती केलेली. आठ महिन्यांपूर्वी गावातल्या शिबिरात त्यांचं बीपी १७२/१०४ आलं, नंतर आरोग्य केंद्रात परत मोजलं तर १६८/१००. अ‍ॅम्लोडिपीनची गोळी सुरू झाली, महिन्याभरात वरचा आकडा १३८ पर्यंत उतरला. मग बाबांनी गोळी बंद केली. एक तर पायांवर सूज यायला लागली होती, आणि दुसरं म्हणजे "आता नॉर्मल आलंय ना, मग कशाला, एकदा लागली की जन्मभर मागे लागते, किडनी जाते." केंद्र लांब, गोळ्या आणायला गेलं की अर्धा दिवस मोडतो. गुडघे-कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी मात्र जवळपास रोज चालू आहे. तंबाखूही आहे. ताई लग्नानंतर शहरात, धाकटा भाऊ गावी. शेजारच्या काकांना नुकताच लकव्याचा झटका आला, त्यांचं बोलणं गेलं, तेव्हापासून ताईंना झोप नाही. त्या विचारतात: बाबा इतके हट्टी आहेत की काही ऐकतच नाहीत, तर आईला सांगून गोळी कुटून चहात घालू का, की खोटा रिपोर्ट दाखवून घाबरवू, की सरळ शेती सोडायला लावून माझ्याकडे आणून ठेवू?

ताई, चहात गोळी घालायचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. तुम्ही हे काळजीपोटीच म्हणताय ते कळतंय मला, पण पुढे काय होईल ते बघा. उद्या बाबा चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरांनी विचारलं की औषध कुठलं चालू आहे, तर बाबा अगदी खरेपणाने सांगणार की काहीच नाही, आणि डॉक्टर ते धरूनच उपचार करणार. किंवा कुठल्या शिबिरात परत मोजलं आणि नॉर्मल आलं तर बाबा म्हणणार की बघा, गोळीशिवाय नॉर्मल आहे, झालं, मग पुन्हा आयुष्यात गोळीला हात लावणार नाहीत. आणि वाढलेलं आलं तर कोणीतरी नवीन गोळी लिहून देणार, म्हणजे अंगात दोन-दोन डोस. शिवाय काही गोळ्या पोटात हळूहळू सुटाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं आणि बीपी धाडकन खाली येऊ शकतं. आणि हे कधी ना कधी कळतंच हो घरात. ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून आईच्या हातचा चहा घेतानासुद्धा बाबा विचार करतील. खोट्या रिपोर्टचंही तेच, भीती चार दिवस टिकते आणि खोटं पकडलं गेलं की पुढचा खरा रिपोर्टही त्यांना खोटा वाटतो.

शहरात आणायच्या गोष्टीवर नंतर येते. आधी त्या हट्टीपणाबद्दल बोलू, कारण माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

तुम्ही लिहिलेलंच मी परत तुम्हाला सांगते. बाबांनी महिनाभर रोज गोळी घेतली. बीपी उतरलं. पाय सुजले. त्यांनी विचार केला की गोळी सुरू केल्यावर पाय सुजले म्हणजे गोळीनेच सुजले, आणि पाय सुजणं म्हणजे किडनीचं काहीतरी, असं ते आजवर ऐकत आलेत, म्हणून थांबवली. आता यात हट्ट कुठे आहे? त्यांनी स्वतःच्या अंगावर जे दिसलं त्यावरून निष्कर्ष काढला, अर्धा बरोबर अर्धा चूक, आणि तो सुधारून द्यायला त्यांच्यासमोर कोणीच नव्हतं. विचारायला जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. हा माणूस हट्टी नाही, त्याला कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

तर ते उत्तर आधी तुम्ही समजून घ्या आणि मग त्यांना द्या. अ‍ॅम्लोडिपीनने घोट्यापाशी सूज येणं हा त्या गोळीचा अगदी माहितीतला परिणाम आहे, डोस जास्त असला की जास्त दिसतो. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे बीपी उतरतं, पण बारीक वाहिन्यांमधून थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याच्या पायात ते साचतं. बहुतेक वेळा याचा किडनी खराब होण्याशी संबंध नसतो. डोस कमी करून, गोळी बदलून किंवा जोडीला दुसऱ्या प्रकारची गोळी देऊन डॉक्टर हे सहज सांभाळू शकतात, काही दुसऱ्या गोळ्यांनी तर ही सूज कमी पण होते. फक्त सूज हृदयामुळे किंवा खरोखरच किडनीमुळेही येऊ शकते, म्हणून ती दाखवायला हवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते यावरून कळतं) आणि लघवीची तपासणी एकदा करायला हवी. म्हणजे बाबांची शंका चुकीची नव्हती, ती डॉक्टरांपर्यंत पोचली नाही एवढंच. फोनवर त्यांना आधी हेच सांगा, की बाबा तुम्ही सूज लक्षात घेतलीत ते बरोबर केलंत, ती बहुधा गोळीचीच असेल, आणि गोळी बदलून मिळते. बघा आवाज कसा बदलतो ते.

आता "नॉर्मल आलं मग कशाला" हे. बऱ्याच लोकांना वाटतं की बीपीची गोळी तापाच्या गोळीसारखी, उतरला की थांबवायची. शेतकऱ्याला हे समजावणं खरं तर सोपं आहे, मोटर चालू आहे तोवर पाणी वर चढतं, पिकाला पाणी मिळालं म्हणून मोटर काढून विकत नाही आपण. १३८ हा आकडा गोळी चालू असतानाचा होता. बंद केल्यावर तो काही दिवसांत, काही आठवड्यांत परत वर जातो, आणि जाताना काही जाणवत नाही. डोकं दुखलं, गरगरलं तरच बीपी वाढलं असं गावाकडेच काय सगळीकडेच लोक धरून चालतात, पण १७० असलेला माणूस दिवसभर नांगरट करून संध्याकाळी हसत गप्पा मारत बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ३० ते ७९ वयातल्या साधारण १२८ कोटी लोकांना बीपी होतं आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते असल्याचंच माहीत नव्हतं, ते याचमुळे.

आणि किडनी गोळीने जाते ही भीती बरोबर उलटी आहे. वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं किडनीच्या बारीक वाहिन्यांवर आदळत राहतं, किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहे. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बीपीच्या औषधांच्या शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून बघितलेलं एक विश्लेषण आलं होतं, त्यात वरचा आकडा १० ने उतरवला तर मेंदूच्या झटक्याचं, म्हणजे लकव्याचं, प्रमाण साधारण २७ टक्के कमी झालेलं दिसलं. फक्त १० ने. बाबांचं तर एका गोळीने तीसच्या आसपास उतरलं होतं! म्हणजे औषध त्यांना उत्तम लागू पडतंय, ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती त्यांना कोणी सांगितलीच नाही.

यापुढचं मात्र जरा लक्ष देऊन वाचा, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटली ती गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीये. ती दुखण्याची गोळी.

अंगमेहनत करणाऱ्या माणसाचं अंग दुखणारच, गुडघे, कंबर, खांदे, आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर उभं राहायचंच असतं म्हणून तो दुकानात जाऊन पेनकिलर मागतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या रोज घेतल्या की शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं, बीपी वाढतं, आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा असर पण कमी होतो. पायावर सूज त्यांनीही येते बरं का, म्हणजे बाबांच्या सुजेत दोघींचाही हात असू शकतो. आणि किडनीला खरा धोका आहे तो या गोळ्यांचा! बाबा ज्या गोळीला घाबरून बसलेत ती किडनी वाचवणारी, आणि जी बिनधास्त घेतायत ती किडनीला त्रास देणारी. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि जोडीला ही पेनकिलर असं तिन्ही एकत्र झालं आणि वरून उन्हात पाणी कमी पडलं तर किडनी अचानक बसू शकते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं, पण पेनकिलर चालू आहे हे त्यांना कोणी सांगतच नाही कारण ती आपल्याला औषध वाटतच नाही. काही ठिकाणी तर नुसत्या पुडीत बांधून गोळ्या देतात, नाव नाही गाव नाही, त्यात स्टेरॉइड असलं तर दुखणं जादूसारखं थांबतं आणि बीपी-शुगर दोन्ही वाढतात.

म्हणून भावाला सांगा, घरात जेवढ्या गोळ्या, पुड्या, इंजेक्शनच्या चिठ्ठ्या असतील त्या सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओतायच्या. सांगायचं की हे रोज घेतात. गुडघ्यांसाठी मग वेगळा मार्ग काढता येतो, दुखऱ्या जागी लावायचं मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, शेक, वजन जास्त असेल तर ते कमी करणं, काम करताना बसायची पद्धत बदलणं. पॅरासिटामॉल त्यामानाने बरी, पण तीही रोज पूर्ण चार ग्रॅम घेतली तर बीपी थोडं वाढतं असं २०२२ च्या एका चाचणीत दिसलंय, आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम भरपूर असतं, तेव्हा ती पण गरजेपुरतीच. पण बाबांना नुसतं "पेनकिलर बंद करा" म्हणू नका. दुखणं खरं आहे. ते कमी करायची दुसरी सोय न करता गोळी काढून घेतली तर ते परत दुकानातच जाणार, आणि मी तरी त्यांना दोष देणार नाही.

तुमच्या पत्रात अजून एक वाक्य आहे, बाबा म्हणतात की "आम्ही राबणारी माणसं, बीपी शहरातल्या बसून खाणाऱ्यांना होतं." हे कधीकाळी कुठेतरी खरं होतं. १९८८ मध्ये इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३२ देशांतल्या ५२ ठिकाणचे दहा हजारांहून जास्त लोक तपासले होते. त्यात अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक होते, ज्यांच्या जेवणात मीठ जवळपास नसतंच, त्यांचं सरासरी बीपी ९६/६१ च्या आसपास होतं आणि वय वाढलं तरी फारसं वाढत नव्हतं. म्हणजे "वय झालं की बीपी येणारच" हेही तितकंसं खरं नाही. पण आजचं गाव तसं राहिलंय का? मीठ भरपूर, पाकिटातला खाऊ दुकानादुकानात, तंबाखू, दारू, झोपेचं खोबरं, पाऊस-पीक-कर्जाची काळजी, आणि बरीच कामं यंत्रावर. आणि जड काम म्हणजे व्यायाम असंही सरसकट धरता येत नाही, तासनतास ओझी उचलणं, विश्रांती न मिळणं, याचा फायदा मोकळेपणी चालण्याच्या व्यायामासारखा होत नाही असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे पण "राबतो म्हणून सुरक्षित" हे गृहीत धरायला आधार नाही हे नक्की.

मिठाबद्दल बाबा नक्की एक म्हणतील, घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. लागतं, पण किती? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, आणि जगातला माणूस सरासरी खातो त्याच्या दुपटीहून जास्त, १०.८ ग्रॅम. रोज उन्हात काम करणाऱ्याचं शरीर सवयीने घामातून मीठ कमी सोडायला शिकतं. घाम येणाऱ्याला रोजच्या दिवशी जास्त गरज पाण्याची असते. कडक उन्हाळ्यात, जुलाब-उलट्या झाल्या तर गोष्ट वेगळी, तेव्हा गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं, आणि बाबा दिवसभर उन्हात असतात हे त्यांना मुद्दाम सांगायचं म्हणजे गोळी निवडताना ते धरतील.

मीठ कमी करताना आईवर "आजपासून अळणी" असा हुकूम सोडू नका. पानात वरून घेतलेलं मीठ आधी बंद, मग मिठात मुरवलेले आणि पाकिटातले पदार्थ कमी, आणि स्वयंपाकातलं मीठ दर आठवड्याला चिमूटभर कमी. जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते. अजून एक सोय आहे, पोटॅशियम मिसळलेलं मीठ. चीनच्या ६०० खेड्यांमध्ये जवळपास २१ हजार लोकांवर याची मोठी चाचणी झाली, आधी झटका येऊन गेलेले किंवा साठीपुढचे बीपीवाले लोक होते, निम्म्या गावांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं आणि साधारण पाच वर्षांत तिथे मेंदूचे झटके १४ टक्के कमी झाले, २०२१ मध्ये निकाल आला. पण किडनीचा त्रास असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हेच मीठ धोक्याचं, म्हणून तुमच्या घरी क्रिएटिनिनचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना विचारूनच आणा.

तंबाखूने बीपी तेवढ्यापुरतं चढतं आणि हृदयाला, मेंदूला धोका वाढतो, चघळली तरी आणि ओढली तरी. पण सगळं एकाच दिवशी मागू नका बाबांकडून. आधी गोळी आणि पेनकिलर, ते मार्गी लागलं की तंबाखू.

आता मोजण्याबद्दल, कारण तिथेही घोळ असतो. शिबिरात बीपी कसं मोजतात ते मी बघितलंय. लांब रांग, माणूस भर उन्हातून चालत आलेला, तोंडात तंबाखू, स्टुलावर बसला न बसला की हात पुढे, सदऱ्याची बाही वर गुंडाळून दंडाला घट्ट आवळलेली, हात लोंबकळत, आणि मोजताना शेजारी विचारतोय की कापणी कधी. यात आकडा सहज १०-१५ ने जास्त येऊ शकतो. बाबांचं दोन वेळा, दोन ठिकाणी मोजलं आणि दोन्ही वेळा चांगलंच जास्त होतं, त्यामुळे त्यांना बीपी आहे यात मला शंका वाटत नाही. पण हे सदर वाचणाऱ्या ज्यांचं एकदाच १४४ का १४६ आलंय त्यांनी लगेच गोळीही सुरू करू नये आणि "मशीन खराब आहे" म्हणून सोडूनही देऊ नये, वेगळ्या दिवशी परत मोजावं.

जमलं तर घरी दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा खोटा जास्त येतो. अर्धा तास आधी चहा-तंबाखू-काम काही नाही, लघवी करून यायचं, पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसायचं, पाय जमिनीवर, एकमेकांवर टाकायचे नाहीत, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, आणि बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. पहिल्यांदा दोन्ही हातांवर बघा आणि ज्यावर जास्त येईल तोच हात पुढे वापरा. घरी १३५/८५ च्या वर सतत येत असेल तर ते जास्त समजायचं. आणि हे आकडे बाबांनी स्वतः लिहायचे, तुम्ही किंवा भावाने नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पावसाचा आणि पिकाचा हिशोब ठेवलाय त्याला स्वतःच्या आकड्याचा हिशोब ठेवता येतो, आणि गोळी घेतली की आकडा कुठे असतो, चुकली की कुठे जातो हे त्याने स्वतःच्या अक्षरात बघितलं की तुमच्या दहा फोनचं काम होतं.

मध्येच सांगून ठेवते, १८०/१२० च्या वर आकडा आला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, किंवा तोंड वाकडं झालंय, एक हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, अचानक दिसेनासं झालंय, तर मोजत बसायचं नाही, गाडी काढून थेट मोठ्या दवाखान्यात, जिथे मेंदूचा स्कॅन होतो तिथे. झटक्याची लक्षणं आकडा कितीही असला तरी तितकीच तातडीची. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंडात पाणी, औषध काही घालू नका, आणि जिभेखाली बीपीची गोळी तर अजिबात नको, बीपी एकदम पडलं तर मेंदूचं नुकसान वाढतं. तुमच्या काकांच्या घरी त्या दिवशी काय झालं मला माहीत नाही, पण भावाला ही लक्षणं तोंडपाठ असायला हवीत आणि रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल हे आधीच ठरलेलं असायला हवं.

आता तुमचा तिसरा पर्याय. शेती सोडून शहरात. ताई, शहरात आणल्याने बीपी उतरत नाही. काम गेलं, माणसं गेली, दिवसभर चार भिंती, त्यात बाबांना काय बरं वाटेल? मुळात अडचण बाबा गावात राहतात ही नाही, औषध त्यांच्यापासून लांब आहे ही आहे. ते जवळ आणायचं बघा. हे नुसतं मी म्हणते असं नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० खेडवळ वस्त्यांमध्ये एक चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला, तिथे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या घरी जाऊन बीपी मोजायच्या, मीठ-औषध याबद्दल घरच्यांशी बोलायच्या, आणि जास्त असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवायच्या. दोन वर्षांनी त्या वस्त्यांमधलं बीपी इतरांपेक्षा सरासरी ५ ने जास्त उतरलेलं होतं. चीनमध्ये ३२६ गावांत गावच्याच वैद्यकीय सेवकांना ठरलेल्या पद्धतीने गोळी सुरू करायची, वाढवायची मुभा दिली, वरून डॉक्टरांची देखरेख, तर दीड वर्षात ५७ टक्के लोकांचं बीपी आटोक्यात आलं, बाकी गावांत ते २० टक्के होतं. माणसं तशीच होती हो, तितकीच कामात आणि तितकीच साशंक. औषध घराजवळ आलं हा मोठा फरक.

सगळी व्यवस्था तुम्ही एकट्या बदलू शकत नाही, पण तुमच्या घरापुरतं बरंच करता येईल. बीपी स्थिर झालं की डॉक्टरांना विचारा, दर महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का. गावात आरोग्य कार्यकर्त्या येत असतील तर त्यांच्याकडे बाबांचं नाव नोंदवा. गावात बीपीच्या गोळ्या घेणारे अजून चार जण नक्की असतील, एकाने जाऊन सगळ्यांच्या आणायच्या अशी पाळी लावता येते का ते भावाला बघू दे. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर ती बाबा रोज न चुकता जे करतात त्याच्या शेजारी ठेवा, दाढीचं सामान असेल, बॅटरी असेल, काहीही. स्ट्रिप संपायच्या आधी आठवडाभर शिल्लक असतानाच पुढची यायला हवी, कारण गोळ्या सुटतात त्या बहुतेक वेळा संपल्यामुळे सुटतात, आणि मग चार दिवस काही झालं नाही म्हणून माणूस परत आणतच नाही.

शेवटचं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात आई फक्त चहा करणारी आणि मीठ घालणारी म्हणून आलीये. तिचं बीपी शेवटचं कधी मोजलं? तेच मीठ ती खाते, चूल असेल तर धूरही तीच घेते, झोप तिचीच सगळ्यात कमी, आणि शिबिरात ती गेलीच नसणार कारण घरात काम होतं. आणि तुम्ही स्वतः. कंसात लिहिलंत की दुसऱ्या बाळंतपणात तुमचं बीपी वाढलं होतं "पण नंतर गेलं". गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं त्यांना पुढे कायमचं बीपी आणि हृदयविकार व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि इथे वडिलांनाही आहे. तुम्ही दरवर्षी मोजायलाच हवं, बाळंतपण कितीही जुनं झालं तरी.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बाबांना "तुम्हाला दवाखान्यात नेते" म्हणू नका. म्हणा, मला माझं बीपी मोजायचंय, आईचंही मोजायचंय, तुम्ही सोबत चला. हे खरंच आहे, त्यात बनवाबनवी काही नाही. सगळ्या गोळ्यांची ती पिशवी घ्या, सुजलेला पाय डॉक्टरांना दाखवा, क्रिएटिनिनचं रक्त तिथेच द्या, आणि गोळीबद्दल जे विचारायचंय ते बाबांनाच विचारू द्या, मध्ये बोलू नका. तिघांचे आकडे काय आले ते मला कळवा.